गरोदरपणात कोणती फळं खावीत? पपईची भीती आणि खरी काळजी

गरोदर असल्याचं कळलं की काही दिवसांतच काय खाऊ नये याची यादी सुरू होते, आणि तिच्यात फळं हमखास असतात. पपई नको, अननस नको, द्राक्षं नकोत, आंबा उष्ण पडतो, केळ्याने कफ होतो, कलिंगड बाधतं. सगळ्यांचं सगळं ऐकायचं ठरवलं तर नऊ महिने सफरचंदावर काढावे लागतील. अशा याद्या जगात सगळीकडे आहेत, पण त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एका ठिकाणी जे फळ वर्ज्य, तेच दुसरीकडे गरोदर बाईला आग्रहाने देतात.

म्हणून सरळ उत्तर आधीच देते. नेहमीच्या खाण्यातलं जवळपास कोणतंही फळ पिकलेलं, ताजं आणि नीट धुतलेलं असेल तर गरोदरपणात खायला हरकत नाही. सगळ्यांनाच लागू पडेल असा अपवाद एकच, कच्ची किंवा अर्धी कच्ची पपई. बाकीचे जे धोके आहेत ते फळाच्या नावावर ठरत नाहीत. ते फळ कोणत्या पाण्याने धुतलं, कुणी कधी कापलं, किती वेळ उघड्यावर राहिलं, किती खाल्लं आणि सोबत कोणती औषधं चालू आहेत, यावर ठरतात. पपईला घाबरणारं घर बाहेरचा बर्फ घातलेला ज्यूस मात्र पौष्टिक म्हणून आणून देतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण त्या दोघांत जास्त धोक्याचा तो ज्यूस आहे.

पपई: कच्ची आणि पिकलेली वेगळी

हिरव्या पपईच्या सालीवर नखाने हलकी रेघ ओढली की लगेच पांढऱ्या चिकाचे थेंब वर येतात. सगळ्या वादाचं मूळ या चिकात आहे. त्यात पपेन आणि कायमोपपेन नावाची प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. चिवट मांस लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात ती याच विकरांसाठी. पपई जसजशी पिकत जाते तसतसा तिच्यातला चीक कमी होत जातो, आणि पूर्ण पिकलेल्या फळात तो नगण्य उरतो.

2002 साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात गाभण उंदरांना पिकलेल्या पपईचा रस दिला, तेव्हा त्यांच्या गर्भांवर काही वाईट परिणाम दिसला नाही. वेगळ्या काढलेल्या गर्भाशयाच्या स्नायूवर पिकलेल्या पपईचा रस टाकून पाहिला, तरी तो आकुंचन पावला नाही. कच्च्या पपईचा चीक टाकल्यावर मात्र तोच स्नायू जोरजोरात आकुंचन पावू लागला. ऑक्सिटोसिनने, म्हणजे प्रसूतीच्या कळा ज्या संप्रेरकाने येतात त्याने, जसं होतं तसंच. प्रयोग उंदरांवरचा आहे, त्यामुळे किती कच्ची पपई खाल्ली तर माणसाला काय होईल हे त्यावरून काढता येत नाही. पण एक गोष्ट स्वच्छ कळते: जुनी भीती पूर्ण निराधार नव्हती, फक्त ती चुकीच्या पपईवरही जाऊन बसली.

म्हणून कच्ची पपई टाळावी. कोशिंबीर, सॅलड, लोणचं, भाजी, मांस मुरवायची पूड, कोणत्याही रूपात. शिजवल्यावर विकरं बरीच निकामी होतात हे खरं, पण कुठे किती शिजलं याची खात्री देता येत नाही, आणि नऊ महिने ती न खाल्ल्याने काही अडत नाही. पचनासाठी म्हणून मिळणाऱ्या पपेनच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पिकलेली पपई ओळखायची कशी? साल बहुतेक पिवळी झालेली, बोटाने दाबल्यावर जराशी दबणारी. कापल्यावर गर सालीपर्यंत केशरी, बिया काळ्या, आणि सुरीला चीक लागत नाही. सालीजवळ हिरवट कडक पट्टा दिसला तर ती अजून तयार नाही, तशीच राहू द्यावी. पूर्ण पिकलेली पपई पचायला सोपी, बद्धकोष्ठावर उपयोगी आणि क जीवनसत्त्वाने भरलेली असते. तरीही कुणाच्या मनात धाकधूक असेल तर खाऊ नये. तिच्यात असं काही नाही जे दुसऱ्या फळांतून मिळत नाही, आणि घाबरत घाबरत घास घेण्यात काय अर्थ आहे?

इथे एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. ज्या बाईचा गर्भ पडला आहे, तिला "तू काय खाल्लं होतंस?" असं कुणी विचारू नये. गर्भधारणा झाल्याचं कळल्यानंतरही शंभरातल्या साधारण 10 ते 20 जणींचा गर्भ टिकत नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या अशा गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचे दोष असतात, आणि ते दोष बहुतेक वेळा गर्भ तयार होतानाच निर्माण झालेले असतात. त्यानंतर सहाव्या आठवड्यात खाल्लेल्या पपईच्या फोडीने किंवा न खाल्लेल्या डाळिंबाने ते बदलत नाहीत. तरीही कित्येक जणी वर्षानुवर्षं एका फळाचा दोष स्वतःवर घेऊन जगतात. हा लेख वाचणाऱ्यांत तशी कुणी असेल, तर बाई, ते तुझ्यामुळे झालं नाही.

अननस, द्राक्षं, आंबा

अननसाची भीती ब्रोमेलिन नावाच्या विकरामुळे आहे. तेही पपेनसारखंच प्रथिनं तोडतं. अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते, त्याचं हे एक कारण. पण ब्रोमेलिनचा मोठा साठा अननसाच्या खोडात असतो, आपण खातो त्या गरात ते बरंच कमी. पोटातल्या आम्लाने त्यातलंही पुष्कळसं निकामी होतं, आणि डबाबंद अननसात तर उष्णतेने आधीच गेलेलं असतं. वाटीभर अननसाने गर्भपात होतो किंवा कळा सुरू होतात याला माणसांतला कोणताही पुरावा नाही. ब्रोमेलिनच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट, त्यात ते एकवटलेलं असतं, म्हणून त्या टाळाव्यात. अननसाचा खरा त्रास झाला तर छातीत जळजळीचा होतो, आणि शेवटच्या महिन्यांत तो अनेकींना होतोच. तसं झालं तर अननस बंद करावा, झालं नाही तर खावा.

द्राक्षांबद्दल सांगतात की त्यांच्या सालीतलं रेझव्हेरेट्रॉल नावाचं द्रव्य बाळाला घातक असतं. द्राक्षांत ते अगदी थोडं असतं. त्याच्या भरपूर मात्रेच्या पूरक गोळ्या गरोदरपणात नकोत एवढं बरोबर, पण त्यावरून द्राक्षंच वर्ज्य करणं बरोबर नाही. द्राक्षांच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. एक, घड दाट असतो आणि फवारणीचा अंश मण्यांच्या सांध्यांत राहतो, म्हणून मणी सुटे करून धुवावेत. दोन, शंभर ग्रॅम द्राक्षांत साधारण 15 ग्रॅम साखर असते आणि ती नकळत खूप खाल्ली जातात.

आंबा, पिकलेली पपई, जर्दाळू अशा केशरी फळांवर अलीकडे नवाच आक्षेप ऐकू येतो: "अ जीवनसत्त्व जास्त झालं तर बाळात व्यंग येतं ना?" हे अर्धं खरं आहे. अ जीवनसत्त्वाचं तयार रूप म्हणजे रेटिनॉल. ते प्राण्यांच्या यकृतात, कॉड लिव्हर ऑइलमध्ये आणि काही गोळ्यांत असतं, आणि सुरुवातीच्या महिन्यांत ते अति झालं तर खरोखरच गर्भाला अपाय होऊ शकतो. फळांत मात्र रेटिनॉल नसतं. असतं ते बीटा कॅरोटिन, आणि त्यातून रेटिनॉल करायचं की नाही हे शरीर ठरवतं. साठा भरला की कॉक वळवल्यासारखं ते रूपांतर मंदावतं. आंबे खाऊन अ जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. फार तर गाजरं आणि आंबे अति झाले तर तळहात पिवळसर दिसतील, तेही तात्पुरते.

उष्ण आणि थंड फळांचं काय? ही कल्पना अनेक जुन्या वैद्यकपरंपरांत आहे, आपल्याकडे आहे तशी चीनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेतही आहे. एखादं फळ खाल्ल्यावर तुम्हाला तोंड येतं, पित्त होतं, घसा धरतो, असा स्वतःचा अनुभव असेल तर तो जरूर मानावा. शरीर तुमचं आहे. पण "उष्ण फळाने गर्भ पडतो" हे वेगळं विधान आहे, आणि त्याला आधार नाही.

खरा धोका: जंतू आणि पाणी

इथे मी जरा थांबून सविस्तर लिहिणार आहे, कारण गरोदरपणात फळांमुळे खरोखर नुकसान होतं ते बहुतेक इथेच.

2011 साली अमेरिकेत खरबुजांमुळे लिस्टेरिया नावाच्या जिवाणूची मोठी साथ आली. 147 जण आजारी पडले, त्यांतले 33 दगावले, आणि एका गरोदर स्त्रीचा गर्भपात झाला. खरबूज कोणत्याच वर्ज्य फळांच्या यादीत नव्हतं. मग झालं काय? खरबुजाची साल जाळीदार, खडबडीत असते. तिच्या खाचांत माती आणि ओल टिकून राहते, तिथे जंतू घर करतात. सुरी सालीतून आत जाते तेव्हा ते जंतू पात्याबरोबर थेट गोड, ओलसर गरात जाऊन पोहोचतात. त्यानंतर तो गर तासन्‌तास बाहेर राहिला की त्यांची संख्या भराभर वाढते. म्हणजे जी साल आपण खात नाही तीही धुवायलाच हवी. कलिंगड, खरबूज, आंबा, संत्रं, अगदी केळंसुद्धा.

लिस्टेरियाची आणखी एक वाईट खोड म्हणजे तो फ्रिजमध्येही वाढतो. बहुतेक जंतू थंडीत निपचित पडतात, हा सावकाश का होईना वाढतच राहतो. गरोदरपणात रोगप्रतिकारशक्तीची घडी बदललेली असते, त्यामुळे इतरांच्या तुलनेत या जंतूची लागण होण्याची शक्यता साधारण दहापट असते. आईला थोडा ताप, अंगदुखी एवढंच जाणवतं, पण जंतू वारेतून बाळापर्यंत जाऊ शकतो. त्यातून गर्भपात, मृत बाळ जन्मणं किंवा नवजात बाळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. ही लागण फार क्वचित होते, हेही तितकंच खरं. घाबरायचं कारण नाही, कापलेलं फळ उघड्यावर न ठेवायचं कारण मात्र आहे.

दुसरा पाहुणा टॉक्सोप्लाझ्मा. हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून मातीत जातो आणि ओलसर मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. जमिनीलगत वाढणारी किंवा खाली पडलेली फळं न धुता खाल्ली तर तो पोटात जाऊ शकतो. स्ट्रॉबेरी हे जमिनीलगतच्या फळाचं नेहमीचं उदाहरण. गरोदरपणात पहिल्यांदाच याची लागण झाली तर बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होऊ शकते.

तिसरा धोका पाण्याचा. हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ. एरवी निरोगी माणूस यातून बहुधा आपोआप बरा होतो. पण शेवटच्या तिमाहीत हीच कावीळ झाली तर ती जिवावर बेतू शकते. अशा गरोदर रुग्णांत 20 ते 25 टक्क्यांपर्यंत मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. आता विचार करा: रस्त्यावर कापून ठेवलेलं फळ ज्या पाण्याने धुतलं, ज्या पाण्याचा बर्फ ज्यूसमध्ये पडला, ते पाणी कुठलं होतं हे आपल्याला माहीत असतं का? पपई खाल्ली म्हणून रागावणाऱ्या प्रत्येकाने आधी हा प्रश्न विचारायला हवा.

ताज्या ज्यूसबद्दलही तेच. न उकळलेल्या, पाश्चराइज न केलेल्या (म्हणजे जंतू मारण्यासाठी ठरावीक तापमानाला न तापवलेल्या) रसातून ई. कोलाय आणि साल्मोनेला हे जिवाणू पसरल्याच्या घटना घडलेल्या आहेत. एका ग्लासासाठी बरीच फळं पिळली जातात, त्यांतलं एकच खराब असलं तरी सगळा ग्लास बाधतो. ज्यूस प्यावासाच वाटला तर घरी, धुतलेल्या फळांचा, स्वच्छ भांड्यात काढून लगेच प्यावा. बाहेरचा घ्यायचा तर पाश्चराइज केलेला बंद डब्यातला.

धुवायची पद्धत अगदी साधी आहे. आधी हात साबणाने धुवावेत. मग फळ नळाच्या वाहत्या, पिण्यायोग्य पाण्याखाली धरून हाताने चोळावं. जाड सालीचं असेल तर त्यासाठीच ठेवलेल्या स्वच्छ ब्रशने घासावं आणि स्वच्छ कापडाने पुसून घ्यावं. पुसण्यानेही उरलेले जंतू कमी होतात. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड फळांना लावू नये, ते सालीच्या छिद्रांतून आत मुरू शकतं. फळं आणल्या आणल्या धुवून ठेवण्यापेक्षा खायच्या आधी धुतलेली बरी, कारण ओल राहिली की ती लवकर सडतात. मार लागलेला, मऊ पडलेला भाग कापून टाकावा. बुरशी आली असेल आणि फळ मऊ जातीचं असेल, तर सबंध फळच फेकावं, कारण बुरशी दिसते त्यापेक्षा बरीच आत गेलेली असते. कच्चं मांस किंवा मासे ज्या पाटावर कापले, तो न धुता त्यावर फळ कापू नये. कापलेलं फळ दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये झाकून जावं, आणि शक्यतो त्याच दिवशी संपावं. बाहेर विसरलेली वाटी रात्री सापडली, तर जीव हळहळला तरी टाकून द्यावी.

कृत्रिमरीत्या पिकवलेल्या फळांबद्दल थोडं. फळ पिकताना स्वतःच इथिलीन वायू सोडतं, आणि गोदामात तोच वायू मोजून देऊन फळं पिकवणं ही मान्य पद्धत आहे. घातक आहे ते कॅल्शियम कार्बाइड. ओलाव्याशी संपर्क आला की त्यातून अॅसिटिलीन निघतो, आणि औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात. म्हणून त्यावर अनेक देशांत बंदी आहे. साल एकसारखी पिवळीधमक पण आत गर कडक आणि बेचव, असं असेल तर शंका घ्यावी. हंगामातलं फळ हंगामात घेतलं आणि नीट धुतलं की हा धोका बराच कमी होतो.

किती खावं, आणि साखरेचं काय

गरोदरपणात वारेतून अशी संप्रेरकं सुटतात की आईच्या शरीरावर इन्शुलिनचा असर कमी होतो. बाळाला साखर सतत मिळत राहावी म्हणून निसर्गानेच केलेली ही सोय आहे. पण काही जणींच्या स्वादुपिंडाला हा ताण झेपत नाही, आणि गरोदरपणातला मधुमेह होतो. त्याची तपासणी साधारण 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान करतात, धोका जास्त असेल तर त्याआधीही. ही तपासणी चुकवू नका, कारण बहुतेक वेळा या मधुमेहाची काहीच लक्षणं जाणवत नाहीत.

मधुमेह निघाला म्हणून फळं बंद करायची नसतात. बदलायचं ते प्रमाण आणि पद्धत. शंभर ग्रॅम पेरूत साखर साधारण 9 ग्रॅम, पपईत 8, स्ट्रॉबेरीत 5, आंब्यात 14 च्या आसपास. खजुराचं मात्र निम्म्याहून बरंच जास्त वजन साखरेचंच असतं. एका वेळी एक मध्यम फळ किंवा वाटीभर फोडी, दोन खाण्यांच्या मध्ये, शक्य असेल तर मूठभर शेंगदाणे, बदाम किंवा वाटीभर दही सोबत. प्रथिनं आणि स्निग्धांश बरोबर असले की साखर रक्तात हळू चढते. घरी ग्लुकोमीटर असेल तर आंबा खाल्ल्यावर तुमची स्वतःची साखर किती वाढते हे पाहता येतं. त्या आकड्यापुढे कुणाच्याही सल्ल्याची गरज उरत नाही.

फळ चावून खाणं आणि त्याचा रस पिणं यांत मोठा फरक आहे. एका ग्लासात तीन-चार संत्री जातात, चोथा फेकला जातो, आणि उरलेली साखर दोन मिनिटांत पोटात जाते. तीन संत्री सोलून खायला बसलात तर दुसऱ्यालाच पुरेसं होईल. जागतिक आरोग्य संघटनाही फळांच्या रसातल्या साखरेची गणना वरून घातलेल्या साखरेबरोबर करते, अख्ख्या फळातल्या साखरेची करत नाही. मधुमेह नसलेल्या बाईनेही फळ खावं, रस कधीतरी.

फळांतून मिळतं काय, आणि काय मिळत नाही

गरोदरपणात लोहाच्या गोळ्या जवळपास प्रत्येकीला सुरू असतात. वनस्पतीतलं लोह शरीर फार कमी शोषून घेतं, पण त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर शोषण चांगलं वाढतं. इथे पेरू, आवळा, संत्रं, मोसंबी, किवी कामाला येतात. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व असतं, संत्र्यात 50 च्या आसपास, आणि गरोदर बाईची दिवसाची गरज साधारण 80 ते 85 मिलिग्रॅम. म्हणजे डाळ, पालेभाजीच्या जेवणाबरोबर पेरूच्या चार फोडी किंवा वरून लिंबू पिळलं तरी उपयोग होतो. उलट जेवणाबरोबर चहा-कॉफी घेतली तर लोहाचं शोषण घटतं. तासभर तरी अंतर ठेवावं.

डाळिंब आणि बीट लाल असतात म्हणून रक्त वाढवतात, असा समज आहे. डाळिंब उत्तम फळ आहे, पण त्यात लोह अगदी थोडं असतं. हिमोग्लोबिन कमी आहे आणि गोळ्यांनी मळमळतं म्हणून गोळ्या बंद करून डाळिंबावर भरवसा ठेवणं धोक्याचं आहे. गोळी सोसत नसेल तर डॉक्टर वेळ किंवा प्रकार बदलून देतात, ते विचारावं.

फॉलिक अॅसिडचंही असंच. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतो ती नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत बंद होते, म्हणजे अनेकींना बातमी कळण्याच्याही आधी. म्हणून दिवसाला 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायला सांगतात. संत्रं, पेरू, अॅव्होकाडो यांत फोलेट, म्हणजे फॉलिक अॅसिडचं नैसर्गिक रूप, असतं, पण तेवढ्यावर भागत नाही. गोळी घ्यायचीच.

बद्धकोष्ठ हा गरोदरपणातला अवघड आणि फारसा न बोलला जाणारा त्रास. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे आतड्यांची हालचाल मंदावते, वर लोहाच्या गोळ्या. पेरू, नासपती, अंजीर, किवी, भिजवलेले सुके आलुबुखार यांनी खूप आराम पडतो. फक्त सोबत पाणी भरपूर प्यायला हवं, नाहीतर चोथ्याने उलट जड होतं.

पहिल्या तिमाहीत मळमळ असेल तर पौष्टिकतेचा हिशोब बाजूला ठेवा. जे पोटात टिकेल ते खा. गरम अन्नाचा वास सहन होत नाही तेव्हा थंड केलेल्या कलिंगडाच्या फोडी, संत्र्याची फोड, लिंबू सरबत बऱ्याच जणींना चालतं. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नयेत, आम्लाने दातांवरचं कवच मऊ झालेलं असतं. साध्या पाण्याने चूळ भरून अर्ध्या तासाने घासावेत. दिवसभर पाणीसुद्धा टिकत नसेल तर फळांचे प्रयोग करत बसू नका, दवाखान्यात जा.

खजुराबद्दल हल्ली खूप विचारणा होते. 2011 साली जॉर्डनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रसूतीच्या तारखेआधी चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाचं मुख दाखल होतानाच जास्त उघडलेलं आढळलं, आणि औषधाने कळा आणण्याची गरज कमी पडली. पण अभ्यास लहान होता, आणि कोणी खजूर खायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. शेवटच्या महिन्यात थोडे खजूर खायला हरकत नाही, मधुमेह असेल तर आधी विचारून. त्याआधी खाल्ले तर कळा सुरू होतील अशी भीती बाळगायचं कारण नाही.

काही जणींनी खास जपावं

रक्तदाबासाठी किंवा वेळेआधीच्या कळा थांबवण्यासाठी निफेडिपिन चालू असेल, तर ग्रेपफ्रूट आणि त्याचा रस टाळावा. पपनस त्याच कुळातलं, त्यामुळे तेही. या फळांतली द्रव्यं आतड्यातल्या औषध मोडणाऱ्या विकराला अडवतात, आणि औषध रक्तात हवं त्यापेक्षा जास्त चढतं. इतरही काही औषधांबाबत असंच होतं, म्हणून औषध लिहून देताना डॉक्टरांना विचारून घ्यावं. साधं संत्रं, मोसंबी, लिंबू यांना ही बंधनं नाहीत.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर करमळ, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या फोडी पडतात ते फळ, अजिबात खाऊ नये. त्यातलं विष निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकतं, आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही आणि मेंदूवर परिणाम होतो. अशा रुग्णांना केळी आणि नारळपाणीही पोटॅशियममुळे मोजून घ्यावं लागतं.

रबराचे हातमोजे किंवा फुगा लागून ज्यांना अंगावर पुरळ उठतं, त्यांतल्या काहींना केळं, किवी, अॅव्होकाडो किंवा पपई खाल्ल्यावर ओठ सुजणं, घशाला खाज येणं असं होतं. लॅटेक्स (रबर ज्यापासून बनतं तो झाडाचा चीक) आणि या फळांतली प्रथिनं एकमेकांसारखी असल्याने हे घडतं. तुमच्या बाबतीत असं कधी झालं असेल तर बाळंतपणाआधीच दवाखान्यात सांगून ठेवा. प्रसूतीच्या वेळी त्या खोलीत हातमोजे असणारच, आणि लॅटेक्स नसलेले मागवून ठेवता येतात.

शंकास्पद काही खाल्लं गेलंच, तर नुसत्या धास्तीने उलटी काढू नये. बरं वाटत असेल तर सहसा काही करावं लागत नाही. पण पुढच्या दिवसांत किंवा आठवड्यांत ताप, थंडी, अंगदुखी, जुलाब, डोळे किंवा लघवी पिवळी होणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर फ्लू असेल म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि आपण गरोदर आहोत, कधी काय खाल्लं होतं, हे स्वतःहून सांगा. लिस्टेरियाचं निदान रक्ताच्या कल्चरवरून, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीवरून, होतं, आणि शंका आली तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता गरोदरपणात चालणारं अँटिबायोटिक सुरू करू शकतात.